कंत्राट सरकारचे, हिशेब सभागृहात

जुलै २०२२ मध्ये पर्वरीच्या विधानसभेत पणजीतल्या कला अकादमी या नाट्य-संगीत संकुलाच्या नूतनीकरणावरून खडाजंगी झाली. सुमारे ५० कोटी रुपयांचे काम निविदा न काढता एकाच कंत्राटदाराला थेट का दिले, असे विरोधी आमदार विचारत होते. तेव्हाचे कला आणि संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी उत्तर देताना ताजमहालाचा दाखला दिला. शहाजहानने ताजमहाल बांधताना दरपत्रके मागवली नव्हती, असा त्याचा आशय होता. ते विधान देशभर गाजले. निविदा का काढली नाही आणि ती सूट कोणत्या नियमाखाली दिली, हा मूळ प्रश्न मात्र त्या गाजावाजात मागे पडला.

शहाजहानला हिशेब विचारणारे कोणी नव्हते. गोव्याच्या मंत्र्याला तो विचारता येतो, आणि विचारण्याची जागा विधानसभा हीच आहे. तो कोण विचारू शकतो, कधी विचारू शकतो आणि उत्तर टाळले गेले तर पुढे काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना कोणी नीट सांगितलेले नसते. त्यामुळे अधिवेशनाच्या बातम्या वाचल्या की ‘गदारोळ, सभात्याग, कामकाज तहकूब’ एवढेच हाती लागते. प्रत्यक्षात त्या इमारतीत याहून बरेच काही घडू शकते.

आधी एक गैरसमज दूर करू. विधानसभा कोणतेही कंत्राट देत नाही आणि रद्दही करत नाही. एखादे सरकारी काम ठरते तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याचे, म्हणजे साबांखाचे, अभियंते अंदाजपत्रक तयार करतात. त्याला तांत्रिक मान्यता मिळते. मग प्रशासकीय मान्यता आणि खर्चाची मंजुरी लागते, आणि मोठ्या रकमेसाठी फाइल वित्त खात्याकडे जाते. त्यानंतर निविदा निघते, बोली उघडल्या जातात आणि अटी पाळून सर्वांत कमी दर भरणाऱ्याला वर्क ऑर्डर मिळते. राज्यघटनेच्या कलम २९९ नुसार हा करार राज्यपालांच्या नावाने होतो आणि त्यावर अधिकृत अधिकारी सही करतो. या साखळीत आमदार कुठेच नाही, आणि तो नसावा हेच योग्य. चाळीस आमदार मिळून कंत्राटदार निवडू लागले, तर चुकीचा जाब विचारायला कोणीच उरणार नाही. सरकारशी स्वतःचे कंत्राट चालू असलेल्या माणसाला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९ अ कलमाखाली आमदार होताच येत नाही. विचारणारा आणि कंत्राट घेणारा एक असू नये, एवढी साधी त्यामागची भूमिका आहे.

मग विधानसभेच्या हाती काय उरते? पैसा आणि प्रश्न.

पैशाचा अधिकार कागदावर मोठा आहे. सभागृहाने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही. अर्थसंकल्पातल्या अनुदान मागण्यांवर खातेनिहाय चर्चा होते, आमदार कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, मांडतात, शेवटी तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारे विनियोजन विधेयक संमत होते. पण आमदार ज्याला मान्यता देतात ते असते खर्चाचे शीर्ष. ‘इमारतींची दुरुस्ती आणि देखभाल’ अशा एका ओळीखाली किती कामे येतील, ती कोणाला मिळतील आणि कशी मिळतील, हे त्या ओळीत दिसत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक वर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडून काही महिन्यांच्या खर्चापुरती तात्पुरती मंजुरी, म्हणजे लेखानुदान, घेतले जाते आणि मागण्यांवरची सविस्तर चर्चा पावसाळी अधिवेशनात होते. तोवर आर्थिक वर्षाचे चार महिने सरलेले असतात. कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारचा पराभव ठरतो, म्हणून बहुमतातले सरकार ती मंजूर होऊ देत नाही. पैशाचा अधिकार आहे, पण एका कंत्राटापर्यंत तो क्वचितच पोचतो.

प्रश्नाचा अधिकार मात्र एका वर्क ऑर्डरपर्यंत, एका बिलापर्यंत पोचू शकतो. म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

गोव्यात या प्रश्नाला सगळे ‘एलएक्यू’, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणतात. सरकारी कार्यालयात अधिवेशनाच्या दिवसांत कोणाला भेटायला गेलात तर ‘एलएक्यूचे काम चालू आहे, नंतर या’ हे उत्तर ऐकायला मिळते. त्यात त्रास असला तरी एक चांगली गोष्टही आहे: त्या दिवसांत खात्याला आपल्याच फाइली उघडून बघाव्या लागतात. प्रश्नाचे दोन मुख्य प्रकार. तारांकित प्रश्नाला मंत्री सकाळी साडेअकराच्या प्रश्नोत्तराच्या तासात उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. टीव्हीवर तारांकित दिसतो, म्हणून त्याचेच महत्त्व वाटते. पण तपशील हवा असेल तर अतारांकित प्रश्न अनेकदा जास्त कामाचा ठरतो, कारण त्याच्या उत्तराला जोडलेल्या परिशिष्टांत खात्याला कामनिहाय तक्ते द्यावे लागतात.

सगळा खेळ प्रश्न कसा लिहिला यावर असतो. समजा एखाद्या आमदाराने विचारले, ‘अमुक इमारतीच्या कामात गैरव्यवहार झाला आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर येईल: ‘नाही.’ नियमाप्रमाणे प्रश्नाचे उत्तर दिले गेले. पुढच्या पुरवणी प्रश्नांत आवाज चढतात, सभापती घंटा वाजवतात, पुढचा प्रश्न पुकारला जातो.

आता तोच विषय असा मांडून बघा. पहिला भाग: या कामाचे मूळ अंदाजपत्रक किती रकमेचे होते, ते कोणी आणि कोणत्या तारखेला केले? दुसरा: निविदा काढली नसल्यास कोणत्या नियमाखाली सूट दिली, ती देताना वित्त खात्याने फाइलवर काय शेरा लिहिला, त्या शेऱ्याची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवावी. तिसरा: वर्क ऑर्डरची रक्कम किती, त्यानंतर वाढीव कामे कोणती, प्रत्येक वाढीला मान्यता कोणी दिली? चौथा: आजवर किती बिले अदा केली, कोणत्या तारखेला, आणि प्रत्येक बिलापूर्वी मोजमाप कोणी घेतले? पाचवा: काम पूर्ण झाल्यावर दोष निघाल्यास कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत कधी संपते?

या प्रश्नात आरोपाचा एक शब्दही नाही. पण पाचांपैकी एकालाही ‘नाही’ म्हणून उत्तर देता येत नाही. तारीख, नाव, रक्कम द्यावी लागते. सरकारी खरेदी आणि कामांसाठीचे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ स्पर्धा आणि पारदर्शकता हा पाया मानतात. एकाच पुरवठादाराकडे किंवा कंत्राटदाराकडे थेट जाणे हा अपवाद असतो आणि अपवादाचे कारण फाइलवर लिहून ठेवावे लागते. ते कारण सबळ असेलही. तातडी असते, एखाद्या वास्तूला विशेष कसब लागते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी उभारलेली कला अकादमी ही सामान्य इमारत नाही, हे मान्यच आहे. पण मग ते विशेष कसब कोणत्या निकषावर तपासले, दुसरे कोणी ते करू शकत नव्हते हे कोणी ठरवले, एवढे कागदावर दाखवता आले पाहिजे. दाखवता येत असेल तर सरकारने आनंदाने दाखवावे. सभागृहातली छाननी प्रामाणिक निर्णयाचे संरक्षणही करते, हे आपले मंत्री विसरतात.

मंत्र्याने सभागृहात दिलेले चुकीचे किंवा दिशाभूल करणारे उत्तर हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराच्या भंगाचा, विषय होऊ शकते. पत्रकार परिषदेत बोललेल्या शब्दाला तसे बंधन नसते. म्हणून जी गोष्ट मंत्री व्यासपीठावरून बेधडक सांगतात, तीच सभागृहात सांगताना सचिवांकडून चिठ्ठी मागवतात.

याचा एक जुना आणि अजूनही शिकण्यासारखा दाखला संसदेतला आहे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर्स विकत घेतले. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. तिला विचारलेच नव्हते. लोकसभेत प्रश्न आला, पहिली उत्तरे गुळमुळीत होती. फिरोझ गांधींनी डिसेंबर १९५७ मध्ये तारखा, भाव आणि कागद घेऊन सभागृहात मांडणी केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला, त्याची सुनावणी उघड झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सारे काही तीनेक महिन्यांत. फिरोझ गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावईही. प्रश्न विचारणे हे विरोधकांचे काम आणि बाके वाजवणे हे सत्ताधाऱ्यांचे, अशी वाटणी घटनेत कुठेही लिहिलेली नाही.

आता उत्तरच मिळाले नाही तर? ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘चौकशी करून कारवाई केली जाईल’ ही ठरलेली वाक्ये आहेत. लोकांना ती ऐकून चीड येते. पण विधिमंडळाच्या कामात अशा वाक्याला किंमत असते: ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. लोकसभेत असे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचा दंडक आहे. ही समिती बातम्यांत कधी दिसत नाही. ज्या आमदाराला खरोखर उत्तर हवे आहे तो दोन अधिवेशनांनंतरही ‘त्या आश्वासनाचे काय झाले?’ असे तिथे विचारू शकतो. फार थोडे आमदार विचारतात.

सर्वांत ताकदवान समिती म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती. तिची वाट महालेखापरीक्षकांकडून येते. त्यांचे पर्वरीतले कार्यालय खात्यांच्या फाइली तपासते: निविदेत स्पर्धा होती का, दर बाजारभावाशी जुळतात का, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि अदा केलेले पैसे यांचा मेळ बसतो का. हा अहवाल कलम १५१ नुसार राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधानसभेच्या पटलावर येतो. किती दिवसांत यावा, याची मुदत घटनेने घातलेली नाही. सरकारला अहवाल अडचणीचा असेल तर तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवता येतो, म्हणजे चर्चेला वेळच उरत नाही. मला ही घटनेतली दुखरी जागा वाटते. दोन वर्षांपूर्वीच्या कामावरचा अहवाल तिसऱ्या वर्षी येतो, समिती चौथ्या वर्षी साक्षी घेते. दरम्यान अधिकारी बदललेले किंवा निवृत्त झालेले असतात, दोषदुरुस्तीची मुदत संपलेली असते.

तरीही समितीच्या खोलीत एक गोष्ट घडते जी सभागृहात घडत नाही. तिथे मंत्री येत नाहीत, सचिव आणि मुख्य अभियंता येतात आणि फाइल घेऊन येतात. कॅमेरे नसतात, म्हणून पक्षाची घोषणाबाजीही कमी होते. समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत लोकसभेत १९६७ पासून पाळला जातो. आपल्याकडे मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी २०११ मध्ये बेकायदा खाण व्यवसायावर अहवाल तयार केला. त्या अहवालावर समितीतल्या सत्ताधारी सदस्यांच्या सह्यांवरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी दिल्लीत संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांच्या टू-जी दूरसंचार परवान्यांवरच्या अहवालाचेही तसेच झाले. बहुसंख्य सदस्यांनी तो नाकारला आणि लोकसभा अध्यक्षांनी तो परत पाठवला. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असला तरी समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचेच असते.

गोव्यात हे गणित आणखी अवघड आहे. सभागृह चाळीसांचे. घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, पण लहान राज्यांसाठी किमान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली. म्हणजे चाळीसपैकी बाराजण मंत्री होऊ शकतात. सभापती, उपसभापती वेगळे. उरलेल्या सत्ताधारी आमदारांपैकी काहीजण कोणत्या ना कोणत्या महामंडळाचे अध्यक्ष असतात. म्हणजे सरकारला प्रश्न विचारायला मोकळे असे सत्ताधारी आमदार बोटांवर मोजण्याइतके. त्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यांत विरोधी पक्षनेते होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ गेले, त्यांत काँग्रेसने दोनच महिन्यांपूर्वी विरोधी पक्षनेतेपदावरून हटवलेले मायकल लोबोही होते. त्यानंतर विरोधी बाकांवर सातजण उरले: काँग्रेसचे तीन, आम आदमी पक्षाचे दोन, गोवा फॉरवर्डचा एक आणि रिव्होल्युशनरी गोवन्सचा एक. पक्षांतराची चर्चा आपण निष्ठा आणि पैसा या अंगाने करतो. पण त्याचा एक थेट परिणाम असा की अर्थसंकल्पातले प्रत्येक खाते, प्रत्येक समिती आणि प्रत्येक कंत्राट तपासायला सात माणसे उरतात. कितीही मेहनती असली तरी सातच.

महामंडळांचा विषय थोडा वेगळा सांगायला हवा. आपल्याकडची बरीच मोठी कामे खाते स्वतः करत नाही. मांडवीवरचा अटल सेतू साधनसुविधा विकास महामंडळाने उभारला. पणजीतली स्मार्ट सिटीची खोदकामे वेगळ्या कंपनीकडे होती. कंपनी काढली की निर्णय लवकर होतात, हे खरे. पण सभागृहातल्या प्रश्नाला एक पायरी वाढते: मंत्री म्हणतात निर्णय संचालक मंडळाचा होता, मंडळ म्हणते निधी आणि धोरण सरकारचे होते. त्यासाठी सार्वजनिक उपक्रम समिती आहे, आणि कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे राज्य सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांसह विधानसभेत ठेवावा लागतो. तो अहवाल वेळेवर आला का, एवढा एक प्रश्न दर अधिवेशनात कोणी विचारला तरी फरक पडेल.

सर्वांत कठीण प्रकरण दीर्घ मुदतीच्या करारांचे. मोपा विमानतळाचा सवलत करार, म्हणजे खासगी कंपनीने तो बांधून चालवायचा आणि महसुलाचा वाटा सरकारला द्यायचा असा करार, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी झाला, मुदत ४० वर्षे, सरकारचा महसुली वाटा ३६.९९ टक्के. आज मतदान करणाऱ्या अनेकांच्या निवृत्तीपर्यंत हा करार चालेल. इतक्या लांबच्या करारात सही झाल्यावर विचारलेला प्रश्न फक्त अंमलबजावणीपुरता उरतो: वाटा कधीपासून मिळणार, मुदतीत सवलत दिली तर कशाच्या बदल्यात. खरी छाननी सहीआधी व्हायला हवी, आणि सहीआधी करार सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन आपल्याकडे नाही. खाणपट्ट्यांच्या बाबतीत हेच दिसले. सरकारने दुसऱ्यांदा नूतनीकरण केलेले ८८ पट्टे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले. न्यायालयात गेली ती गोवा फाउंडेशन ही संस्था. हजारो कुटुंबांची रोजीरोटी ज्यावर अवलंबून होती, ती नूतनीकरणे आधी विधानसभेत कलम न् कलम तपासली गेली असती तर डिचोली, सत्तरी, सांगेच्या लोकांवर ती वेळ येण्याआधी चूक लक्षात येण्याची शक्यता तरी होती.

कला अकादमीकडे पुन्हा वळू, कारण तिथे कलाकारांनी आपले काम केले. जुलै २०२३ मध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या तोंडावर, खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. सुदैवाने खाली कोणी नव्हते. तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हा होता की तो भाग नूतनीकरणाच्या कामाच्या व्याप्तीत होता की नव्हता; त्याचे उत्तर कोणाच्या भाषणात नसते, कंत्राटातल्या कामांच्या यादीत असते. वास्तू पुन्हा खुली झाल्यावर ध्वनी आणि प्रकाशयोजनेच्या तक्रारी सुरू झाल्या. ‘कला राखण मांड’ या नावाने कलाकार एकत्र आले, आवाज उठवला, आणि सरकारला रंगकर्मी विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमावे लागले. ज्या रंगमंचावर आपण मराठी नाट्यस्पर्धा बघत वाढलो, त्याच्या ध्वनियंत्रणेतला दोष नटाला पहिल्या तालमीत कळतो. ती माहिती आमदाराकडे पोचवणारे कोणी हवे असते.

तुम्ही ते करू शकता. विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळावर मिळतात; आपल्या गावच्या रस्त्याचे किंवा शाळेचे नाव घालून शोधा. करार, वर्क ऑर्डर, मोजमाप नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी आठ वर्षे, १९९७ मध्ये, गोव्याने स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. ही परंपरा आपलीच आहे. मंत्रिमंडळाच्या निर्णयाची कारणे आणि त्यामागची कागदपत्रे निर्णय पूर्ण झाल्यावर उघड करावीत, असे २००५ च्या कायद्यातच म्हटले आहे.

आणि आमदाराकडे जाल तेव्हा ‘कामात घोटाळा आहे’ एवढेच सांगून परतू नका. कामाचे नाव, वर्क ऑर्डरचा क्रमांक, जागेवरचे दोन फोटो तारखेसह, आणि एका कागदावर चार-पाच प्रश्न लिहून न्या. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच जा. तुमचा आमदार सत्ताधारी असेल तरीही जा. त्याला तारांकित प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर अतारांकित विचारायला सांगा. तपशिलाचे परिशिष्ट त्यातही मिळते.